विरुद्ध मत : एक

नगरपालिकेच्या सभासदाचे चरित्र लिहावयाचे म्हटले, की पहिली अडचण उभी राहते ती सामग्रीची. मंत्र्याच्या मागे सरकारी निवेदने असतात, पुढाऱ्याच्या मागे भाषणांचे खंड असतात, क्रांतिकारकाच्या मागे खटल्याचे कागद असतात. परंतु ज्याने आयुष्यातील काही वर्षे गावची गटारे, दिवाबत्ती, जकात आणि दारूची दुकाने यांचा विचार करण्यात घालविली, त्याच्या मागे उरते ते केवळ सभेचे इतिवृत्त, आणि त्या इतिवृत्तातही ‘ठराव बहुमताने मंजूर’ एवढ्या तीन शब्दांत त्याचे सारे बोलणे गडप झालेले असते. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘गावकारभारी’ हा विषय योजून मजकडे एखाद्या नगरसेवकावर लिहिण्याचे काम सोपविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कोणी हयात, हसतमुख आणि फलकावर झळकणारी व्यक्ती असावी. मी निवडलेले गृहस्थ १८९० सालीच निवर्तले. जोतीराव गोविंदराव फुले हे १८७६ पासून पुढे काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रग्रंथांत बहुधा एखाद्या प्रकरणात उरकलेली आढळते. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ यांच्या उजेडात हा उद्योग फिका दिसावा, यात नवल नाही. पण पुण्याच्या पूर्वेकडील पेठांतून हिंडताना आणि आजच्या सभासदांच्या कचेऱ्यांत बसताना मला वारंवार वाटत गेले, की सभासद कशासाठी असतो, या प्रश्नाचे उत्तर या फिक्या दिसणाऱ्या प्रकरणातच सापडण्याजोगे आहे.

जुन्या गंजातले गृहस्थ

गंज पेठेतल्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेतल्या, त्या वाड्याकडे जाणारी वाट अरुंद आहे. दुतर्फा दुचाक्या उभ्या असतात, मधून हातगाडी आली की चालणाऱ्याने कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढावे लागते, आणि अशा गल्लीतून गेल्यावर एकदम मोकळे आवार लागते. आवारात जोतीरावांची समाधी आहे. १८६८ साली ज्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्या शेजाऱ्यांना खुला केला, ते हेच घर. गावात पाणी कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न जोतीरावांनी नगरपालिकेत पाऊल ठेवण्याच्या आठ वर्षे आधी आपल्या अंगणापुरता सोडविला होता.

त्या काळची नगरपालिका म्हणजे लोकांनी निवडलेले सभागृह नव्हे. १८५०च्या कायद्यान्वये १८५७ साली पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेवर सभासद नेमण्याचा अधिकार सरकारचा होता, आणि नेमणूक होई ती सरदार, सावकार, पेन्शनर, वकील अशा प्रतिष्ठितांची. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव यावयाला १८८२ साल उजाडावे लागले. तेव्हा जोतीरावांच्या हाती मतदारांचे पाठबळ नव्हते. उलट ज्या सरकारने नेमले त्या सरकारच्या मर्जीतून उतरण्याचे भय मात्र होते. शिवाय ते ठेकेदारीच्या व्यवसायात होते, आणि ठेकेदाराला सरकारी खात्यांशी गोडीने राहणे भाग असते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला लागणारे सामान त्यांनी पुरविले होते. मांजरीला त्यांची शेती होती. अशा मनुष्याने सभेत मान डोलवावी, चहापानाला हजर राहावे आणि गावात मानाने मिरवावे, हीच रीत होती.

या ठेकेदारीकडे आपले अभ्यासक थोडे संकोचाने पाहतात, जणू महात्म्याच्या चरित्रात ती एक अवघड जागा आहे. मला तर तीच त्यांच्या सभासदत्वाची गुरुकिल्ली वाटते. ज्याने स्वतः चुन्याची, दगडाची आणि मजुरीची बिले केली आहेत, त्याच्यापुढे अंदाजपत्रक ठेवताना अधिकाऱ्यालाही आकडे पुन्हा एकदा तपासून घ्यावेसे वाटतात. सभेत बसणाऱ्या बहुतेकांना खर्चाचा आकडा म्हणजे कागदावरचा आकडा असतो. जोतीरावांना त्या आकड्यामागे पाटी वाहणारी बाई दिसत होती, आणि त्या बाईने संध्याकाळी विकत घेतलेल्या दाण्यावर नाक्यावर भरली गेलेली जकातही दिसत होती. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जकातीचा, आणि जकातीचा बोजा शेवटी पडे तो धान्य, सरपण आणि भाजीपाला घेणाऱ्यावर. पुण्यातली ही जकात २०१३ साली उठली. तोवर जवळजवळ दीडशे वर्षे शहराचा गाडा पुष्कळ अंशी तिच्यावर चालला.

बत्तीसांत एक

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीचा प्रसंग जोतीरावांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदविला आहे. व्हाइसरॉय गावात येणार म्हणजे शोभा, रोषणाई, मानपत्र हे ओघाने आलेच. त्यासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्ची घालण्याची सूचना सभेपुढे आली, आणि बत्तीस नियुक्त सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी तिच्या विरुद्ध मत दिले. त्यांचे म्हणणे असे, की हा कर देणाऱ्यांचा पैसा आहे, तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा. सूचना अर्थातच मंजूर झाली.

हा प्रसंग वीरश्रीच्या थाटात सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि तीत वावगे काही नाही. परंतु त्यात मला अधिक लक्षणीय वाटते ती त्यांच्या विरोधाची जात. लिटन यांच्याविषयी कोणाला राग असावयाला त्या काळी कारणे कमी नव्हती. १८७६-७७च्या भीषण दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या. त्या दुष्काळात जोतीरावांनी आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालविला होता, तेव्हा राज्यकर्त्यांच्या दरबारी थाटावर तोंडसुख घेण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला नव्हता. तरी व्हाइसरॉय चांगले की वाईट, या वादात ते शिरलेच नाहीत. पैसा कोणाचा आणि तो कोणावर खर्च होणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि नगरपालिकेच्या सभेत विचारावयाचा खरा प्रश्नही तेवढाच असतो.

दारूच्या दुकानांचे प्रकरण याच जातीचे. शहरात दारूच्या गुत्त्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा १८ जुलै १८८० रोजी जोतीरावांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीचे प्रमुख प्लंकेट यांना पत्र लिहिले. गुत्त्यांचे परवाने देणे हे नगरपालिकेचे काम नव्हते, ते अबकारी खात्याचे. सरकारला त्यापासून उत्पन्न होते. म्हणजे ‘हा विषय आमच्या कक्षेतला नाही’ हे सभासदांचे सनातन उत्तर येथेही तयार होते. पण लोकांचे आरोग्य राखण्यावर ज्या संस्थेचा खर्च होतो, तिने ते आरोग्य बिघडविणाऱ्या दुकानांविषयी स्वस्थ बसावे, ही विसंगती त्यांना सोसवेना. एका खात्याच्या जमेच्या बाजूला जे मांडले जाते, ते दुसऱ्याच्या खर्चाच्या बाजूला कसे उतरते, हे व्यापारी बुद्धीच्या माणसाला लवकर उमगते.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी शिक्षण आयोगाला, म्हणजे हंटर आयोगाला, त्यांनी जे निवेदन दिले, त्याच्या अखेरची सही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. खाली नाव, आणि नावापुढे आपली ओळख : व्यापारी व शेतकरी, आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. ग्रंथकर्ता नाही, समाजाचा संस्थापक नाही, शाळांचा जनक नाही. रयतेच्या श्रमातून सरकारची तिजोरी भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, तेव्हा निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्या निवेदनात आहे. सभेत एक हजार रुपयांविषयी केलेला हिशेब आणि आयोगापुढे साऱ्या इलाख्याविषयी केलेला हिशेब एकच आहे. रकमा तेवढ्या निराळ्या. आपण ज्यांना मोठे विचार म्हणतो, ते पुष्कळदा अशा लहान सभांच्या बाकांवर घोटून तयार झालेले असतात, असे मला वाटते, जरी या तर्काला पुरावा म्हणून मी सहीखेरीज दुसरे काही पुढे करू शकत नाही.

मंडईच्या ओट्यावर

सकाळी नऊच्या सुमारास मंडईत पाय ठेवला, की प्रथम नाकाला कोथिंबीर आणि ओले गोणपाट जाणवते. मग डोळे वर जातात. अष्टकोनी मध्यभाग, त्यावर चढत गेलेला मनोरा, काळ्या दगडाची कमानदार बांधणी. एखाद्या विलायती प्रार्थनामंदिरात कोणी चुकून भेंडी-गवार मांडावी, तसे काहीसे ते दृश्य आहे. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. तो तेथून हलवून पक्क्या इमारतीत न्यावा, अशी योजना निघाली. वॉल्टर ड्यूकॅट यांनी आराखडा केला, वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधकाम केले, आणि १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते ती खुली होऊन रे मार्केट या नावाने ओळखली जाऊ लागली.

या इमारतीवरच्या खर्चाला जोतीरावांचा विरोध होता. येथे त्यांच्या भक्तांची थोडी पंचाईत होते, कारण ही इमारत आज पुण्याचे भूषण आहे. विक्रेत्यांना सावली मिळाली, ओटे मिळाले, पावसात माल भिजेनासा झाला. मग जोतीराव चुकले काय? मला तसे म्हणवत नाही, आणि ते द्रष्टे ठरले असेही म्हणवत नाही. शाळांसाठी हात आखडणाऱ्या संस्थेने इमारतीसाठी लाखांच्या घरातला खर्च काढावा, ही त्यांची तक्रार त्या दिवशी रास्त होती. इमारत उपयोगी पडली, म्हणून ती तक्रार मागाहून गैर ठरत नाही. आपल्या शहरांत याच्या उलट तर्क चालतो. पूल उभा राहिला, की त्याच्या खर्चाविषयी विचारणारा विकासाचा शत्रू ठरतो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९२४ साली मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा नगरपालिकेने उभारला आणि मोतीलाल नेहरूंनी त्याचे अनावरण केले. १९२५ साली केशवराव जेधे या तरुण सभासदाने फुल्यांचाही पुतळा नगरपालिकेने उभारावा, असा ठराव आणला. तो फेटाळला गेला, आणि त्यावरून ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचा असा भडका उडाला, की दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक त्याच धगीत बाहेर आले. आणखी काही वर्षांनी आचार्य अत्रे सभासद म्हणून निवडून आले, आणि त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. ज्या इमारतीवरचा खर्च नको म्हणून मत दिले, तिच्यावरच नाव कोरले गेले. अत्र्यांना हा विनोद ठाऊक नसेल, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल.

एका ओट्यावरच्या मावशींना मी विचारले, की मंडईला फुल्यांचे नाव का दिले. कांद्याची पात जुडीला बांधता बांधता त्या म्हणाल्या, “ते माळी होते ना, भाजी पिकवायचे.” उत्तर इतिहासाला धरून आहे, मांजरीच्या मळ्याचा मालक या बाजाराला परका नव्हता.

ताईंची कचेरी

मंडईपासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर, पूर्वेकडच्याच एका पेठेत, एका माजी नगरसेविकेचे जनसंपर्क कार्यालय आहे. २०१७ साली निवडून आलेल्या सभागृहात त्या होत्या. पुन्हा उभे राहण्याचा त्यांचा विचार नाही, आणि नाव न घालण्याच्या अटीवरच त्यांनी मला बसू दिले, तेव्हा येथे त्यांना नुसते ताई म्हणतो. त्या सभागृहात एकेचाळीस प्रभागांतून निवडून आलेले एकशे बासष्ट सभासद होते. एका प्रभागात बहुधा चार. चौघांनी आपसांत भाग वाटून घ्यावयाचे, आणि तक्रार सरहद्दीवरची निघाली, तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावयाचे, हा या पद्धतीचा गुणधर्मच आहे, असे ताई स्वतःच सांगतात. १४ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. पाटीवर ‘माजी’ शब्द चढला, तरी माणसे यावयाची थांबली नाहीत.

कचेरी म्हणजे दहा बाय बाराची खोली. टेबलावर जाड वही; तीत तारीख, नाव, गल्ली, तक्रार, कोणाला फोन केला आणि काय झाले, असे रकाने. मी ती चाळली. ड्रेनेज तुंबले. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. रहिवासी दाखला हवा. आरोग्य कोठीवरचा मुकादम उलट बोलतो. फांद्या छाटावयाच्या. शाळेत प्रवेश. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘जे. ई. शी बोलले’ एवढेच असते.

“लोकांना वाटतं, नगरसेवक म्हणजे काम करून देणारा,” ताई म्हणाल्या. “मी काम करत नाही. ज्यानं करायचं, त्याला उठवते.”

काम होते कसे, हे त्यांनी मला एका गटाराच्या उदाहरणाने समजावून दिले. तक्रार आल्यावर क्षेत्रीय कार्यालयातला कनिष्ठ अभियंता, म्हणजेच वहीतला ‘जे. ई.’, जागेवर येऊन पाहतो. वाहिनी नुसती साफ करण्याजोगी असेल तर त्याच दिवशी भागते, पण बदलावी लागणार असेल तर तो पूर्वगणनपत्रक तयार करतो, ते पत्रक अंदाजपत्रकातल्या कोणत्या शीर्षाखाली बसते ते पाहावे लागते, शीर्षावर रक्कम शिल्लक असेल तर निविदा निघते, निविदा रकमेप्रमाणे त्या त्या अधिकाऱ्यापुढे अगर स्थायी समितीपुढे जाते, मंजुरीनंतर कार्यादेश निघतो, आणि तोवर पावसाळा आलेला असल्यामुळे खोदाईला बंदी असते. या साखळीतील प्रत्येक कडीला कोणीतरी हलवीत राहावे लागते, आणि ते हलवणे हेच सभासदाचे सर्वांत मोठे, सर्वांत कंटाळवाणे आणि बाहेरच्यांना न दिसणारे कर्तव्य होऊन बसले आहे. ते तुच्छ मानणाऱ्यांनी तुंबलेल्या गटाराशेजारी एक रात्र काढावी.

परंतु या कर्तव्याबरोबर एक निराळीच गोष्ट सभासदाच्या हाती आली आहे, आणि तिच्याविषयी माझे मत ताईंच्या मताहून वेगळे आहे. पुण्यात तिला ‘स’ यादी म्हणतात. अंदाजपत्रकात सभासदाने आपल्या प्रभागातील कामे सुचवावयाची, त्यांसाठी रक्कम राखून ठेवावयाची, आणि ती वर्षअखेरच्या आत खर्ची पाडावयाची. बाके, कमानी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, चांगल्या असलेल्या फरशा उखडून बसविलेल्या नव्या फरशा, आणि प्रत्येक वस्तूवर ‘यांच्या प्रयत्नांतून’ अशी अक्षरे. ताईंच्या मते या यादीमुळेच गरीब वस्तीला काहीतरी मिळते. सगळे अधिकाऱ्यांवर सोडले तर पैसा चांगल्या रस्त्यांकडेच वाहील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि ज्याला स्वतःच खर्च करावयाचा असतो, तो दुसऱ्याचा खर्च तपासताना जीभ आवरतो. तुझ्या कमानीविषयी मी बोलत नाही, माझ्या बाकांविषयी तू बोलू नकोस, हा अलिखित करार कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्याहून अधिक निष्ठेने पाळला जातो. जोतीरावांना बाके वाटावयाची नव्हती. त्यामुळे त्यांना एक हजार रुपयांविषयी विचारता आले.

वर्गीकरण

वर्षअखेरीस मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेवर एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्या शीर्षाकडे वळविण्याचे प्रस्ताव झुंडीने येतात; त्यांना वर्गीकरण म्हणतात. मुख्य सभेत हे विषय कसे निघतात, ते ताईंनी हुबेहूब करून दाखविले. नगरसचिव विषयाचा क्रमांक वाचतात, कोणीतरी ‘मान्य’ म्हणतो, तिकडून ‘अनुमोदन’ येते, आणि पुढचा क्रमांक. पुष्कळदा सभा कोणाच्या तरी निधनाच्या दुखवट्याने आधीच तहकूब झालेली असते, आणि तहकूब सभांचे विषय साठून साठून एकाच संध्याकाळी निकालात निघतात.

अशाच एका संध्याकाळी शाळेच्या स्वच्छतागृहांच्या दुरुस्तीची रक्कम सुशोभीकरणाकडे वळविण्याचा एक विषय ताईंच्या नजरेस पडला. शाळा त्यांच्या प्रभागातली नव्हती. प्रस्ताव त्यांच्याच पक्षाच्या सभासदाचा होता. त्यांनी उभे राहून विरोध नोंदविला आणि मतदान मागितले. शेजारच्या बाकावरून पदर ओढला गेला, मागून कोणी “ताई, बसा की” म्हणाले, गटनेत्याने मान हलविली. हात वर झाले, मोजले गेले, विषय मंजूर झाला. विरुद्ध मत एक.

“तुम्हाला पुढं काही त्रास झाला?” मी विचारले.

“समितीतून नाव गळालं. पण ते त्यावरूनच, असं मी म्हणणार नाही. पक्षात अशी कारणं कोणी सांगत नाही.”

त्या विरोधाचा दाखला आपल्याजवळ असावा, म्हणून त्यांनी नगरसचिव कार्यालयातून इतिवृत्ताची प्रत घेतली. प्रतीत विरुद्ध मताची नोंद आहे. मात्र नाव त्यांचे नाही, त्याच आडनावाच्या दुसऱ्या सभासदाचे आहे, ज्यांनी प्रस्तावाच्या बाजूने हात वर केला होता. त्या गृहस्थांनीही याबद्दल नाराजीचा फोन केला. ताईंनी दुरुस्तीचा अर्ज दिला. नियमाप्रमाणे इतिवृत्त कायम करण्याचा विषय पुढच्या सभेपुढे यावयाचा आणि दुरुस्ती तेव्हाच व्हावयाची. परंतु मार्चच्या चौदा तारखेच्या आत त्या विषयाला पाळी आली नाही. अर्जाची पोच, आवक क्रमांकासह, त्यांनी त्याच जाड वहीच्या मागे टाचून ठेवली आहे. ती मला दाखवून होईपर्यंत पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन तिघीजणी दारात उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांतल्या पहिलीचे नाव-गाव लिहून घेण्यासाठी ताईंनी वही परत मागितली.